बुलेटचं तेल गेलं कुठं?

"बुलेटचं तेल गळायचं थांबलं म्हणजे तेल संपलं समजा." गॅरेजमधला हा जुना विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण त्या तेलामागे मोठा इतिहास आहे, तो फारसा कुणी सांगत नाही.

साध्या इंजिनात तेल तळाशी साठतं. त्या जागेला संप म्हणतात, आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या संपासारखाच. पंप तिथून तेल उचलून बेअरिंगला देतो. पण गाडी वेगात वळली की तेल एका बाजूला पळतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडं पडतं. जोरात फिरणाऱ्या इंजिनाची वाट लागायला तेवढं पुरतं.

यावरचा उपाय म्हणजे ड्राय संप. तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं. एक पंप ते इंजिनाला देणार, दुसरा खाली आलेलं तेल उपसून परत टाकीत टाकणार. उपसणारा पंप मोठा लागतो, कारण तेलाबरोबर हवाही ओढली जाते.

विमानांच्या रेडियल इंजिनांना हे करावंच लागलं. सिलिंडर चारही बाजूंना, काही तर खाली डोकं करून. तळाशी तेल ठेवणार कुठे? मोटारींत १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलला बॉनेट बुटकं हवं होतं. तळाचा संप काढल्यामुळे इंजिनाची उंची घटली आणि ते तिरकं बसवलं गेलं. पुढे पोर्श ९११ नेही हीच पद्धत घेतली. आज फॉर्म्युला वनची गाडी याच्याशिवाय धावत नाही.

आणि हीच पद्धत आपल्या जुन्या बुलेटमध्ये होती! फक्त तेलाची टाकी बाहेर न ठेवता क्रँककेसमध्येच वेगळा कप्पा केलेला. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधला मूळचा रेडिच कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासमध्ये तेच इंजिन किरकोळ बदल करत कित्येक दशकं निघत राहिलं. जर्मनीत ही पद्धत वेगासाठी निवडली गेली. आपल्याकडे ती टिकली लायसन्स-परमिटच्या काळात, कारण स्पर्धा फारशी नव्हती आणि बदलायची घाईही नव्हती.

त्याचा भार उचलला मिस्त्रींनी. बुलेट बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. मालक डिपस्टिक बघतो, तेल कमी दिसतं, वरून आणखी ओततो. मग किक मारली की धूर, जागोजागी गळती, आणि शिव्या मिस्त्रीला. खरा मिस्त्री आधी गाडी चालू करायला लावतो, उपसणाऱ्या पंपाला तेल परत न्यायला वेळ देतो आणि मगच डिपस्टिक बघतो.

विमानाचे मेकॅनिकही रेडियल इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचे, खालच्या सिलिंडरात तेल उतरलंय का म्हणून. दुखणं तेच, अक्कलही तीच. पण एकाला आपण तंत्रज्ञ म्हणतो आणि दुसऱ्याला "गॅरेजवाला".

२००९ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनांत बुलेट साध्या संपावर आली. जुन्या इंजिनांचे जाणकार हात आता म्हातारे होताहेत. त्यांची बरीचशी विद्या तोंडीच चालत आली. तुमच्या गावात असा मिस्त्री असेल तर एकदा चहाला बसा त्याच्याजवळ. तो काय सांगतो ते लिहून ठेवा.