दोन इंजिने आणि दोनशे मीटर

नौदलाच्या लढाऊ विमानाला दोन इंजिने कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून. हे अर्धेच खरे आहे. रत्नागिरीहून किनाऱ्याने दक्षिणेला गेले की गोव्यात दाभोळीला ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ लागतो. तिथल्या ‘ब्लॅक पँथर्स’ तुकडीचे मिग-29के घेऊन थोडे गणित मांडू.

विक्रमादित्य आणि विक्रांत या आपल्या दोन्ही विमानवाहू जहाजांवर विमान भिरकावणारे कॅटापुल्ट नाही. विमान स्वतःच्या जोरावर धावते आणि डेकच्या टोकाला असलेल्या 14 अंशांच्या चढावरून, म्हणजे स्की-जंपवरून, उसळी घेते. मिग-29केची दोन आरडी-33एमके इंजिने आफ्टरबर्नर पेटवल्यावर प्रत्येकी सुमारे 9,000 किलोग्रॅम रेटा देतात. वजन 20 टन आणि धाव 200 मीटर धरली, तर हवेची ओढ आणि घर्षण वजा जाता त्वरण साधारण 8 मीटर प्रति सेकंद वर्ग उरते. टोकाशी वेग होतो सेकंदाला सुमारे 57 मीटर. जहाज 25 नॉटने जात असेल तर आणखी 13 मीटर पदरात पडतात. एकूण ताशी 250 किलोमीटर. भरलेल्या विमानाला आडवे उडत राहायला हा वेग तोकडाच. पण स्की-जंप त्याला सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने वर ढकलते, आणि त्या उसळीत मिळालेल्या काही सेकंदांत इंजिने उरलेला वेग कमावतात.

आता एका इंजिनाचा रेटा वगळा. त्वरण निम्म्यावर येते, टोकाशी वेग 40 मीटर. विमान सरळ पाण्यात! म्हणजे उड्डाणाच्या घडीला दुसरे इंजिन राखीव नसतेच. ते कॅटापुल्टच्या जागी राबत असते.

त्यात कोकणची हवा. 15 अंशांच्या प्रमाण हवेची घनता घनमीटरला 1.225 किलोग्रॅम, तर 33 अंशांच्या दमट हवेची जवळपास 1.14. घनता सात टक्क्यांनी घटली की तेवढेच वजन पेलायला साडेतीन टक्के जास्त वेग लागतो, आणि उष्ण हवेत इंजिनेही मंदावतात. हा तोटा भरून निघतो तो इंधन किंवा शस्त्रे कमी करूनच. एका इंजिनाच्या नौदल तेजसचे दुखणे हेच होते. 2016 मध्ये नौदलाने ते आपल्या गरजेसाठी जड ठरवले. पुढे 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ते विक्रमादित्यवर उतरवले. कौशल्य वादातीत, पण त्याने वजनाचे गणित बदलत नाही.

माझ्या मते नौदलाच्या विमानाचा आकार ठरतो तो त्याच्या मंद वेगावर. ध्वनीपेक्षा जलद उडणे ही दुय्यम बाब. मिगमध्ये पंखाच्या मुळाशी पुढे निमुळता होत गेलेला भाग आहे. नाक उंचावले की त्याच्या कडेवरून हवेचे भोवरे सुटतात, पंखावरचा प्रवाह सुटू देत नाहीत आणि उचल टिकते. रुंद, चपटे धडही उचलीचा मोठा वाटा देते. नौदल तेजसच्या पंखांपुढच्या हलत्या पट्ट्या, ‘लेव्हकॉन’, याच कामाच्या. शेपटीविना त्रिकोणी पंखाची अडचण वेगळी : नाक वर धरायला मागच्या पट्ट्या वर वळवाव्या लागतात, त्यामुळे नेमकी हवी तेव्हाच उचल घटते. राफेल-एमचे पुढचे छोटे पंख, कॅनार्ड, ही अडचण सौम्य करतात. अशा 26 विमानांचा करार 28 एप्रिल 2025 रोजी झाला.

उतरताना हिशेब उलटा. तारेत हूक अडकला की सुमारे 90 मीटरांत विमान थांबते. तरीही डेकला चाके टेकताच वैमानिक इंजिनांची शक्ती वाढवतो, कारण तार हुकली तर लगेच पुन्हा उडायचे असते. ‘राखीव’ इंजिनाचा खरा उपयोग होतो तो वाटेत, समुद्रावर. तिथे मात्र इंजिनांमधले अंतर आडवे येते. मिगची इंजिने एकमेकांपासून दूर आहेत, म्हणून एक बंद पडले की नाक बाजूला वळण्याचा जोर जास्त. तो उभ्या शेपट्यांनी आवरायचा. राफेलची इंजिने शेजारी-शेजारी असल्याने तिथे हा जोर कमी.

भारताने आखलेल्या दोन इंजिनांच्या डेक-लढाऊ विमानात कॅनार्ड, त्रिकोणी आणि दुमडणारे पंख, आणि जीई-414 जातीची इंजिने असे एकत्र आले आहे. मांडणी पटते. पंखाच्या बिजागरीचे वजन मात्र याच दोनशे मीटरांच्या हिशेबात धरावे लागेल.