मातीच्या गाडीपासून चरणदासापर्यंत

रायपूर आणि नागपूर ही एकाच कुटुंबातून वेगळी निघालेली दोन घरे होत. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि पुढे १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. म्हणूनच १९२३ साली रायपुरात जन्मलेला हबीब तन्वीर पदवीसाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेला, यात नवल नव्हते. नवल आहे ते त्याच्या पुढील कार्याचे.

मुंबई, दिल्ली आणि विलायतेतील नाट्यशिक्षण पाठीशी असलेला हा दिग्दर्शक १९५८ साली रायपुरास आला असता त्याने रात्रभर चालणारा ‘नाचा’ पाहिला. नाचा म्हणजे आपल्या तमाशाचे छत्तीसगढी भावंडच म्हणावयाचे. आपला सोंगाड्या, तसा तेथला ‘जोक्कड’. आणि स्त्रीवेष घेणारा पुरुष म्हणजे ‘परी’. ठाकुरराम, मदनलाल, बाबूदास, भुलवाराम, जगमोहन व लालूराम या सहा कलावंतांना तन्वीरने दिल्लीस नेले आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून केलेल्या ‘मिट्टी की गाडी’त उभे केले. पुढल्याच वर्षी ‘नया थिएटर’ स्थापन झाले.

परंतु ही पहिली भागीदारी समानतेची नव्हती. गाणी गावाकडची होती. संवाद मात्र हिंदी, आणि हालचाली दिग्दर्शकाने आखलेल्या. गावी हजारोंचा समुदाय खिळवून ठेवणारे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. परक्या भाषेत बोलावयाचे आणि आखल्या रेषेवर पावले टाकावयाची, यात त्यांचा स्वाभाविक ताल हरवे. दोष नटांचा नसून आपल्या रीतीचा आहे, हे ध्यानी येण्यास तन्वीरला एका तपाहून अधिक काळ लागला.

१९७३ साली रायपुरात भरलेल्या नाचाच्या शिबिरात या उमजाला फळ आले. तेथून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक निर्माण झाले. नट आता मायबोलीत बोलू लागले, आणि गाणे हे दोन प्रवेशांमधील विसावा न राहता कथेचा कणा झाले. १९७५ च्या ‘चरणदास चोर’ मध्ये हाच सूर परिपक्व झाला. मूळ कथा विजयदान देथांची, राजस्थानी. पण खोटे न बोलण्याच्या व्रतापायी प्राण देणारा हा चोर सत्याला सर्वस्व मानणाऱ्या गुरू घासीदासांच्या सतनामी परंपरेला जवळचा वाटला. म्हणून मांदराच्या ठेक्यावरील पंथी नृत्य त्या नाटकात उपरे वाटत नाही. त्याच साली श्याम बेनेगलांनी त्यावर चित्रपट केला. आपल्या स्मिता पाटील त्यातूनच प्रथम पडद्यावर आल्या. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाने पारितोषिक मिळविले.

तन्वीरच्या नाटकांचा नाद ही एकट्याच्या प्रतिभेची देणगी, असे मानण्याची रीत आहे. तो नाद वस्तुतः सहा नटांनी रायपूरहून सोबत नेला होता. दिग्दर्शकाची थोरवी ही, की अखेरीस त्याने तो ऐकला. नोकरीनिमित्त या प्रांती आलेल्या आपणांसही हा इतिहास काही शिकवितो. कचेरीच्या मेजापलीकडून जी छत्तीसगढी आपल्या कानी पडते, तिला अडाणी बोली समजून आपण आपल्या हिंदीत ओढू लागलो, की समोरचा माणूस अवघडतो. तिला तिच्या तालावर बोलू दिले, की तोच माणूस खुलतो.