फळ्यावरची शेवटची तारीख

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या लहानपणी गावात बातमी हलगीवर यायची. इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या परिसरात, भीमेच्या काठावर आमचं गाव. संध्याकाळी गुरं घरी आली की कोतवाल हलगी वाजवत पेठेतून निघायचा आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून सांगायचा, "ऐका हो ऐका, उद्या चावडीवर तलाठी भाऊसाहेब येणार हायेत, सारा भरून घ्यावा हो." दवंडीत एक सोय होती. ती ऐकायला वाचता यावं लागत नसे. ज्याला ऐकू येतं, त्याला ती कळे.

मग उजनीचं धरण आलं आणि चावडीच्या भिंतीवर कागद चिकटू लागले. भूसंपादनाचे. १८९४ च्या कायद्याखालच्या त्या नोटिशी. कलम चार, कलम सहा, कलम नऊ. हरकत घ्यायची असेल तर तीस दिवसांच्या आत घ्यायची, असं त्यात छापलेलं असे. माझे वडील अंगठेबहाद्दर. मी सहावी-सातवीत असेन, तेव्हा ते माझा हात धरून चावडीवर नेत आणि म्हणत, "बाळा, कुठल्या गटाचं नाव हाय, तेवढं बघ." मी मोठ्यानं वाचायचो. बाकीचे लोक गोळा व्हायचे. मराठीच होती ती, पण सरकारी मराठी. अर्धं मलाही कळत नसे. एकदा एक म्हातारबाबा शेवटी एवढंच म्हणाले, "ते तीस दिवस कवाधरनं मोजायचं?" त्याचं उत्तर मला देता आलं नाही. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनी गावं पाण्याखाली गेली. पळसनाथाचं जुनं देऊळ अजूनही दुष्काळाच्या वर्षी पाणी हटलं की वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. मला मात्र तिथं गेलं की चावडीची भिंत आठवते.

ही जुनी गोष्ट सांगण्याचं कारण असं की कॉलेजचा इतिहास म्हटला की आपल्यापुढं संस्थापकांची तैलचित्रं, कोनशिला आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका येतात. ते सगळं आहेच. पण कॉलेजात रोज काय घडत होतं, कुणाला काय मिळत होतं आणि कुणाचं काय हुकत होतं, हे नोटीस बोर्डावर असतं. आणि नोटीस बोर्ड कुणी जपून ठेवत नाही. संध्याकाळी फळा पुसतात, वर्षअखेरीस नोटिशीची वही रद्दीत जाते.

बारामती तशी जुनी विद्येची जागा. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत कऱ्हेच्या काठी इथंच लिहिलं, मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं इथंच राहिले. पण ती विद्या पुराणाला बसणाऱ्यांची. कुणब्याच्या पोरानं पदवी घ्यायची तर पुणं गाठावं लागे. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६२ मध्ये, अनेकान्त एज्युकेशन सोसायटीनं बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केलं. विद्या प्रतिष्ठान १९७२ चं. म्हणजे आमच्या भागातलं उच्च शिक्षण हे एका पिढीच्या आठवणीत मावेल एवढंच जुनं आहे. इंदापूरला कॉलेज व्हायला आणखी वेळ लागला, म्हणून आम्ही इंदापूरकर मुलं बारामतीला खोली करून राहायचो.

मी १९७२ च्या जूनमध्ये कॉलेजात गेलो. मॅट्रिक तेव्हा अकरावीला होती आणि कॉलेजचं पहिलं वर्ष प्री-डिग्रीचं. वर्गात दोन तऱ्हेची मुलं. नीरा डाव्या कालव्याखालची, म्हणजे उसाची, ती सायकलवरून येत. आणि आम्ही जिरायती भागातली, आमचा डबा एस.टी.नं येई. सकाळच्या गाडीच्या टपावर दहा-पंधरा डबे, प्रत्येकाला कापडाची पिशवी, पिशवीवर दोऱ्यानं विणलेलं नाव. कंडक्टर ते स्टँडवर उतरवून ठेवी आणि आम्ही तास सुटल्यावर पळत जाऊन उचलायचो. परतीच्या गाडीनं रिकामे डबे जात. हे डबे म्हणजे आमचं पोस्ट होतं. घरची चिठ्ठी भाकरीखाली आणि आमची चिठ्ठी रिकाम्या डब्यात.

त्या वर्षी पाऊस नव्हता. डब्यातल्या भाकऱ्या तीनाच्या दोन झाल्या, पुढं त्या सुकडीच्या आणि मिलोच्या झाल्या. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला. अशात फी कुठून भरायची? आमच्यासारख्यांचा आधार होता तो ई.बी.सी.चा. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफ करण्याची ही योजना. वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत, अशी मर्यादा घालून १९५९ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. दलित मुलांसाठी त्याआधी, १९४४ पासून, भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. तिच्यामागं डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. कॉलेजच्या बोलीत तिचं नाव जी.ओ.आय. ग्रामीण महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या या दोन आद्याक्षरांवर शिकल्या, असं मी म्हणेन. पण दोन्हींना फॉर्म होता, फॉर्मला तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला होता, आणि सगळ्याला शेवटची तारीख होती. ती तारीख फळ्यावर.

त्या फळ्याचं वर्णन करायला हवं. कॉलेजच्या व्हरांड्यात एक काळा फळा आणि शेजारी जाळीचं दार लावलेली लाकडी पेटी. फळ्यावर वर सुविचार, खाली 'आजच्या सूचना'. पेटीत विद्यापीठाची परिपत्रकं, परीक्षेचं वेळापत्रक, ग्रंथालयाच्या दंडाची यादी. पेटीची किल्ली ऑफिसच्या शिपायाकडं. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. महत्त्वाची सूचना असली की मामा नोटीसवही काखेत मारून वर्गावर्गात फिरत. सर शिकवताना थांबत, वाचून दाखवत, वहीत सही करत. मागच्या बाकावर तेवढा वेळ कुजबुज. मुलींसाठी नोटिशीची वेगळी प्रत लेडीज रूममध्ये लागायची, कारण मुलींनी व्हरांड्यात उभं राहून फळा वाचणं बरं दिसत नाही, असं तेव्हा मानत. त्यामुळं पुष्कळदा मुलींना सूचना एक दिवस उशिरा कळे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आज सांगायला लाज वाटते.

माझं अक्षर बरं. दुसऱ्या सत्रात मला फळा लिहिण्याचं काम मिळालं, महिन्याला थोडे पैसे मिळत. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' रुजवलं होतं, त्याचीच ही छोटी पाती म्हणा. पहिल्याच महिन्यात ई.बी.सी.ची सूचना आली. मी ती लिहिली आणि हात थबकला. दाखला आणायला पाच दिवस. आमच्यातल्या निम्म्या मुलांची घरं चाळीस-पन्नास किलोमीटरवर, तलाठी भेटणार आठवड्यातून एकदा. मामा मागं उभे होते. म्हणाले, "नुसतं लिहून काय करतो? डब्यात घाल." त्या दिवशी आम्ही वहीची पानं फाडून चिठ्ठ्या लिहिल्या, 'तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणावा, शनिवारच्या डब्यात पाठवावा', आणि प्रत्येक रिकाम्या डब्यात एकेक घातली. माझ्याही. शनिवारी डबे आले. काही दाखल्यांना कालवणाचा डाग पडला होता, पण क्लार्कनी ते घेतले. मी पदवीधर झालो त्याचं मूळ त्या शनिवारात आहे.

फळ्यावर नुसत्या फीच्या सूचना नसत. स्नेहसंमेलन, फिशपाँड, वक्तृत्व, एन.सी.सी.ची परेड. चीनच्या युद्धानंतर एन.सी.सी. काही वर्षं सक्तीची होती, १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्याच्या पुढच्या वर्षी, गांधी जन्मशताब्दीत, २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना निघाली, ३७ विद्यापीठांत, चाळीस हजार विद्यार्थी घेऊन. १९७३ साली एन.एस.एस.नं दुष्काळाविरुद्ध युवक अशी मोहीम काढली. आमच्या फळ्यावर शिबिराची सूचना मीच लिहिली, 'प्रत्येकाने ताट, वाटी व पांघरूण आणावे'. पाझर तलावाच्या कामावर गेलो तर शेजारच्या पाळीत माझी चुलती पाटी उचलत होती. ती मला म्हणाली, "तू हितं कशापायी? तुला शिकाय पाठवलंय न्हवं?" तिला एन.एस.एस. काय समजावून सांगणार? ती रोजावर होती, आम्ही श्रमदानावर. दहा दिवसांनी आम्हाला प्रमाणपत्र मिळालं.

नाटकाची सूचना लागली की मात्र व्हरांडा भरायचा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू होती आणि भरत नाट्य मंदिरात एकदा तरी उभं राहायचं, हे तालुक्याच्या मुलांचं स्वप्न. तिथं गेल्यावर आमच्या 'न' आणि 'ण'ला प्रेक्षक हसत. पुढच्या काळात हीच बोली स्पर्धांतून मिरवली गेली, तेव्हा आम्ही घरी बसून टाळ्या वाजवल्या.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. आमची एक भित्तिपत्रिका होती, महिन्याला एक, ड्रॉइंग पेपरवर हातानं लिहिलेली. तिच्यात एका मुलाची कविता होती, विहीर आणि कुलूप यांच्यावर. कुणीही मला काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. मीच ती कविता काढली आणि तिथं वृक्षारोपणाचं चित्र चिकटवलं. भीती अशी आपणहून काम करते. त्या मुलानं पुन्हा कधी कविता दिली नाही.

पुढं मी प्राध्यापक झालो, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. नोटीस बोर्ड माझ्याकडंच आला, कारण मी तो मागून घेतला. आता सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, काचेची पेटी होती. जी.एस.च्या निवडणुकांचे दिवस. भिंती रंगायच्या, जीप फिरायच्या, हाणामाऱ्याही व्हायच्या. मुंबईत १९८९ साली ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली आणि त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुका गेल्या, गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. निवडणुकीची तरतूद २०१६ च्या कायद्यात पुन्हा आली. माझं मत विचाराल तर हाणामाऱ्या गेल्या ते बरं झालं, पण त्याबरोबर फळ्यावर मुलांनी लिहिलेल्या सूचना गेल्या. उरल्या त्या मुलांसाठी लिहिलेल्या.

आता जे सांगणार आहे ते कॉलेजचं नाही, माझं आहे. ऐंशीच्या दशकातलं एक स्नेहसंमेलन. मी सांस्कृतिक विभागाचाही प्रमुख होतो. आदल्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या राहिलेल्या फॉर्मांसाठी मुदतवाढीचं पत्र आलं होतं. मी ते पेटीत लावलं. वहीत चढवून वर्गात फिरवायचं होतं, ते राहिलं. आणि दोन दिवसांनी संमेलनाचा मोठा रंगीत तक्ता मीच, माझ्या हातांनी, त्याच पेटीत त्या पत्रावर टाचला. जागा नव्हती दुसरी. संमेलन छान झालं. तक्ता काढला तेव्हा खालच्या पत्रातली तारीख चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

एक मुलगा राहिला त्यात. प्रथम वर्ष, वस्तीवरचा, वडील नसलेला. मी ऑफिसात, समाजकल्याण खात्यात, सगळीकडं जाऊन आलो. तारीख ती तारीख. माझ्या पगारातून फी भरतो म्हणालो, पण तोवर तो यायचा थांबला होता. मी सायकल काढून वस्तीवर गेलो. आई दारात होती. "टोळीबरोबर गेला, सर. कारखान्यावर." ऊसतोडीच्या टोळीबरोबर. तिनं मला पाणी दिलं. तक्त्याची गोष्ट मी तिला सांगायला गेलो होतो, ती न सांगता परत आलो. मस्टरवर त्याच्या नावावर लाल रेघ मारायचं काम क्लार्कचं होतं, पण ती मी मारली.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी एक वही ठेवली. त्यात फक्त तारखा. कोणती नोटीस कधी आली, कधी लावली, कोणत्या वर्गात वाचली, कोण गैरहजर होतं. सहकारी हसायचे. 'तारीखमास्तर' असं नावही पडलं होतं. त्या वह्या घरी आहेत, रद्दीवाल्याला दिलेल्या नाहीत. त्या चाळल्या की दुष्काळ दिसतात, कारण परीक्षा शुल्क माफीची नोटीस दुष्काळातच येते. माझ्या निवृत्तीनंतर, २०१८ मध्ये, बारामती आणि इंदापूर पुन्हा दुष्काळी तालुक्यांच्या यादीत होते आणि सवलतींत परीक्षा शुल्काची माफी होती. पंचेचाळीस वर्षांत सवलतीचं नाव तेवढं बदललं नव्हतं.

आता व्हरांड्यातला फळा शोभेचा झाला आहे. सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते, फॉर्म महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा. २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा रेंजसाठी मुलं टेकडीवर, झाडावर चढली, हे आपण पाहिलं. एका अर्थानं हे दवंडीसारखंच, घरबसल्या येतं, मुलीला आणि मुलाला एकाच क्षणी. फरक इतकाच की हलगी एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आता वाढदिवसाच्या शुभेच्छा, फुलांची चित्रं आणि शेवटची तारीख एकाखाली एक येतात, आणि तक्ता पत्रावर टाचला जावा तसं ते पत्र खाली खाली जातं.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या गावठाणातली शेजारची नात आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. फोन पुढं करून म्हणाली, "आजोबा, हे शिष्यवृत्तीचं काय आलंय बघा ना, इंग्रजीत आहे." मी चष्मा शोधत होतो, तोवर तिची आजी आतून म्हणाली, "आदुगर तारीख बघा, मास्तर." चार दिवस होते. उत्पन्नाचा दाखला अजून काढायचा होता. मी गाडीची किल्ली घेतली आणि तिला मागं बसवून इंदापूरला तहसील कचेरीत गेलो.