गुत्त्याची कुळकथा

सेनगावच्या पट्ट्यात रस्त्याचे काम घेणारा गुत्तेदार, तसाच एके काळी शिंदीचे दुकान चालवणाराही गुत्तेदारच. बाकी महाराष्ट्राला गुत्ता म्हटले की दारूच आठवते. मराठवाड्यात मात्र त्याचा मूळ अर्थ, मक्ता, अजून रोजच्या बोलण्यात आहे. दारूच्या दुकानाचे कूळही तिथेच सापडते. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. १३१६ फसलीच्या आबकारी कायद्याने त्या महसुलाची घडी बसवली, आणि विक्रीचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्त्याची रक्कम मुदतीत वसूल करायची, तर गिऱ्हाइकाने प्यावे, पैसे टाकावेत आणि उठावे, हेच दुकानदाराच्या सोयीचे. हैदराबाद मुक्तिलढ्यात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली, तीही सरकारचे हे उत्पन्न बुडावे म्हणून.

लंडनच्या जुन्या पबांना लेखक लाभले आणि आपल्या गुत्त्याला लाभले नाहीत, याचे कारण मी या मक्त्यात शोधतो. चॉसरचे यात्रेकरू साउथवर्कच्या ज्या टॅबर्डमध्ये जमतात ती मुक्कामाची जागा होती. माणूस थांबला तरच तिचा धंदा. कोणी म्हणेल, खरे कारण आपली माळकरी नीती. संत नामदेवांचे नर्सी सेनगावहून जवळच आहे. पण नीतीचा धाक एवढा असता तर आबकारीची तिजोरी भरली कशी? शिवाय मद्यपानविरोधी चळवळ इंग्लंडातही जोरात होती, तरी पब टिकले. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ‘एकच प्याला’तले आर्यमदिरामंडळ ही बैठक नव्हे तर काय? बैठकच, पण ती गुत्त्यातली नव्हे. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात गडकऱ्यांनी पिणाऱ्यांना चक्क संस्था काढून दिली, सुधारकी सभा-मंडळांची टर उडवत. भाषणे ठोकायला तळीरामाला मंडळच हवे होते. गुत्त्यात त्याचे ऐकून घ्यायला थांबणार कोण? पुढे ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) कामाठीपुऱ्याची दुनिया कवितेत आणली, पण लेखनाचा विषय होणे वेगळे आणि लेखकाची बसायची जागा होणे वेगळे. अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसले ते काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये, म्हणजे एका उपाहारगृहात.

मराठवाडा १९५६मध्ये मुंबई राज्यात आला. त्या राज्याचा १९४९चा कायदा दारूबंदीचा, म्हणून प्यायलाही परवाना. परमिट रूम हे नाव त्यातूनच आले. तिथे टेबल-खुर्ची मिळाली, पण पाटीवर सरकार राहिलेच.