धोका ओळखायचा कुणी?

मे १८३५. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात थॉमस फाउलर नावाच्या खाटकाची मटणाने खच्चून भरलेली गाडी वाटेत मोडली. तिच्यावरचा नोकर चार्ल्स प्रीस्टली खाली आदळला. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. ज्युरीने त्याला शंभर पौंड देऊ केले, पण १८३७ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती लॉर्ड अ‍ॅबिंजर यांची धास्ती अशी, की असले दावे मान्य केले तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातलं किंवा स्वयंपाकिणीने तांब्याची भांडी नीट घासली नाहीत, तरी नोकर मालकाला कोर्टात खेचतील. शिवाय गाडी किती लादली आहे हे नोकराला मालकाइतकंच, कदाचित जास्तच कळतं. नको वाटलं तर त्याने जाऊ नये. हातावर पोट असलेल्या पोराने ‘जात नाही’ म्हटल्यावर त्याची नोकरी किती दिवस टिकली असती, हे न्यायमूर्तींनी विचारात घेतलेलं दिसत नाही. या खटल्यापासून रुजलेलं तत्त्व, म्हणजे सहकाऱ्याच्या चुकीने नोकर जखमी झाला तर मालक जबाबदार नाही, ब्रिटनमध्ये १९४८ पर्यंत टिकून होतं.

आज त्याच देशात एक मदतनीस ठेवणाऱ्या न्हाव्यालाही ‘रिस्क असेसमेंट’, म्हणजे धोक्यांचं मूल्यमापन, करावं लागतं. माझ्या मते या सक्तीची वंशावळ फाउलरच्या गाडीपासून मांडायला हवी, कारण तिथे नोकराच्या गळ्यात पडलेलं धोका ओळखण्याचं काम पुढे दीडशे वर्षांत हळूहळू मालकाकडे सरकत गेलं.

आधी सरकलं ते गिरण्यांत. १८३३ च्या कायद्याने चार निरीक्षक नेमले, १८४४ च्या कायद्याने यंत्रांना कठडे बसवायला लावले. धोका कुठे आहे ते सरकार सांगणार, मालकाने तेवढं झाकायचं. हाच साचा मुंबईत आला. भारतातला १८८१ चा फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली. मधल्या काळात, १८८४ साली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. पण कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झालेल्याच्या पोटापाण्याची सोय, हीही मागणी त्यात होती. भारतात भरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये.

१९४९ मध्ये ब्रिटनमधल्या एका कोळसा खाणीतल्या मृत्यूच्या खटल्यात न्यायमूर्ती अ‍ॅस्क्विथ यांनी तराजू हाती घेतला. एका पारड्यात धोका, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. धोक्याच्या मानाने दुसरं पारडं फारच जड असेल तरच मालक सुटेल. आणि हे वजन अपघाताच्या आधी करायचं. ही कल्पना आजही जशीच्या तशी वापरात आहे.

खाणी चालवणाऱ्यांनी मात्र ती अंगी बाणवली नाही. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर खाणीतल्या टाकाऊ मालाचा डोंगर घसरला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स म्हणाले, ढिगाखालचा झरा कुणाला माहीत नव्हता. झरा गावाला माहीत होता, सरकारी नकाशातही होता. चौकशीने मंडळालाच दोषी ठरवलं.

आणि १९७० मध्ये कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा फेरविचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कोण? हेच रोबेन्स. समितीच्या १९७२ च्या अहवालाचा सूर असा: नियम उदंड झाले आणि त्यामुळेच लोक बेफिकीर झाले, धोका निर्माण करणाऱ्यांनी आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्यांनीच तो आवरायला हवा. माणूस चुकीचा असला तरी मुद्दा बरोबर होता, असं म्हणावं लागतं. त्यातून कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा १९७४ चा कायदा आला. १९८९ च्या युरोपीय निर्देशाने धोक्यांचं मूल्यमापन मालकावर सक्तीचं केलं आणि ब्रिटनने १९९२ मध्ये तसे नियम केले. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर लिहून ठेवायची सक्ती नाही. मूल्यमापनातून मात्र सूट नाही.

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वीज वापरणाऱ्या दहा कामगारांच्या शेडला कारखाना म्हटलं गेलं. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ मध्ये, घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने तो दहाचा आकडा वीसवर नेला. म्हणजे शंभरापासून उतरत आलेली पायरी आपण पुन्हा चढू लागलो.

लॉर्ड अ‍ॅबिंजर यांचं एक म्हणणं खरंच होतं: गाडी किती भरली आहे ते नोकराला जास्त कळतं. तेव्हा चार माणसांचं वर्कशॉप किंवा खानावळ चालवत असाल, तर कुणाचा तरी तयार फॉर्म उतरवून काढण्याआधी हाताखालच्या माणसांना विचारा, कुठे पाय घसरतो, कुठे चटका बसतो, कुठल्या स्विचला हात लावायची भीती वाटते. आणि जे सांगतील ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा.