खुणेविना आलेली साथ : मीरा-भाईंदर आणि प्रतिकारशक्तीचे दाखले

कोविड-१९च्या साथीत मीरा-भाईंदरच्या रहिवाशांपुढे दोन प्रश्न सतत उभे होते. रोग कोणाला झाला आहे हे ओळखायचे कसे, आणि ज्याला तो होऊन गेला त्याला आता सुरक्षित मानायचे का? हे प्रश्न नवे नव्हते. मात्र पूर्वीच्या साथींनी समाजाच्या मनात त्यांची जी उत्तरे रुजवली होती ती या रोगाला लागू पडेनात, आणि उत्तराची ती रिकामी जागा प्रशासनाने दिवसांची मुदत, शिक्के आणि दाखले यांनी भरून काढली. त्यामुळे या शहरातील साथीचा इतिहास हा विषाणूइतकाच या दाखल्यांचाही इतिहास ठरतो.

महाराष्ट्रातील सामान्य माणसाची प्रतिकारशक्तीविषयीची समजूत मुख्यतः देवी, गोवर आणि कांजिण्या या रोगांवरून घडलेली होती. देवीचा रोगी लपत नसे, कारण अंगभर उठलेले फोड सगळ्या आळीला दिसत, आणि रोगातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे वण ‘याला आता पुन्हा देवी येणार नाहीत’ अशी जन्मभराची ग्वाही देत. लशीनेही हीच रीत चालू ठेवली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचण्यात आली, तेव्हापासून १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर होईपर्यंत दंडावरचा गोल व्रण हाच टोचून घेतल्याचा पुरावा होता. गावोगाव फिरणाऱ्या ‘देवी डॉक्टर’ला बाही वर करून तो दाखवला की काम भागत असे. रोग दिसतो आणि त्यापासूनचे संरक्षणही दिसते, हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो या खुणांमुळे.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि या विश्वासाला पहिला धक्का बसला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. टोचलेल्या कैद्यांमध्ये रोगाचे प्रमाण कमी झाले, तरी तो अजिबात टळला असे झाले नाही, शिवाय हे संरक्षण काही महिन्यांपुरतेच टिके. टोचल्याची कायमची खूणही अंगावर राहत नसल्याने मुंबई इलाख्यात टोचून घेतल्याचा कागदी दाखला देण्याची पद्धत सुरू झाली, आणि असा दाखला जवळ असणाऱ्याला सक्तीच्या विलगीकरणातून सूट मिळू लागली. हा दाखला घेणारा माणूस प्लेगपासून किती सुरक्षित आहे हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. त्याला घरातून उचलून छावणीत न्यायचे की नाही, एवढा एक प्रश्न मात्र दाखल्याने मिटत असे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोग कायदा याच काळातला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडसाठी लागू केला तोही हाच.

ज्या शहरात हा कायदा नव्याने अनुभवास आला त्याची घडण ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा भाग उलगडत नाही. दक्षिणेला दहिसर, उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा यांच्या मधला हा पट्टा दीर्घकाळ मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे यांचा होता. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने मुंबईत नोकरी करून मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकावर उतरणाऱ्या माणसांची होती. परिचारिका, पोलीस, बँकेतले कर्मचारी, बेस्टचे चालक आणि वाहक अशा ज्यांना टाळेबंदीतही कामावर जावे लागले, त्यांची घरे इथल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये होती. दिवसभर मुंबईत राहून रात्री परतणारा शेजारी ठणठणीत दिसत असला तरी तो रोग घेऊन आला असेल का, ही शंका म्हणूनच या शहरात इतर ठिकाणांपेक्षा तीव्र होती.

शंकेला आधारही होता. २० एप्रिल २०२० च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर यांनी सांगितले की, सुमारे ८० टक्के बाधितांमध्ये लक्षणे नसतात किंवा ती अगदी सौम्य असतात. लक्षणविरहित संसर्ग म्हणजे ताप, खोकला यांपैकी काहीही न होता शरीरात विषाणूची वाढ होणे. आज लक्षणे नाहीत पण दोन दिवसांनी दिसू लागतील अशी लक्षणपूर्व अवस्था याहून निराळी असते. शास्त्राच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा असला तरी सोसायटीच्या फाटकावर तापमापक यंत्र घेऊन उभ्या असलेल्या रखवालदाराला तो समजण्याचा काहीच मार्ग नव्हता, कारण त्याचे यंत्र दोघांनाही आत सोडत होते. त्यातच ८ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या मारिया व्हॅन करखोव्ह यांनी लक्षणविरहित व्यक्तींकडून होणारा प्रसार फार विरळ असल्याचे म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी काही गणिती अंदाजांनुसार तो ४० टक्क्यांपर्यंत असू शकतो असा खुलासा केला. लोकांनी यातून आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला, आणि त्याबद्दल त्यांना फार दोष देता येत नाही.

अंगावर खूण उमटत नसेल तर ती उमटवायची, हा शासनाचा पहिला उपाय होता. मार्च २०२० च्या मध्यापासून महाराष्ट्रात गृह विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर मतदानाच्या शाईने शिक्का आणि मुदतीची तारीख उमटवली जाऊ लागली. शिक्का हे संशयाचे चिन्ह होते, रोगाचे नव्हते, पण जिन्यात भेटणाऱ्यांना हा फरक पटणे अवघडच होते. बाधितांसाठी भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे टेंभा रुग्णालय, राखून ठेवण्यात आले. तिथून परतणाऱ्याकडे शेजारी ‘निगेटिव्ह रिपोर्ट’ मागत, तर ८ मे २०२० च्या केंद्रीय धोरणानुसार सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करताच घरी सोडायचे होते. शास्त्रीय कारण असे की, नाकाघशातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचे मृत अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात, पण त्यांपासून दुसऱ्याला लागण होत नाही. हे कारण सोसायट्यांपर्यंत फारसे पोहोचलेच नाही. पोहोचला तो फक्त दहाचा आकडा. तोही स्थिर नव्हता, कारण गृह विलगीकरणाचा काळ आधी सतरा दिवस, मग दहा आणि जानेवारी २०२२ मध्ये सात दिवस असा बदलत गेला. नवे ज्ञान आले की नियम बदलणे शास्त्रात रास्तच असते. नोटीस बोर्डावर मात्र त्याचा अर्थ ‘यांनाच काही कळत नाही’ असा लावला गेला.

प्रतिकारशक्तीचे मोजमाप मुंबईत झाले, आणि तेही मीरा-भाईंदरच्या अगदी वेशीवर. मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी जुलै २०२० मध्ये तीन विभागांत ६,९३६ नमुने तपासले, त्यांत दहिसरचा आर-उत्तर विभाग होता. विषाणूशी सामना झाल्यावर शरीर जी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते ती झोपडपट्ट्यांमधील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांच्या रक्तात आढळली. यांपैकी बहुतेकांना आपल्याला काही झाले होते याची कल्पनाही नव्हती. ऑगस्टमधील दुसऱ्या फेरीत झोपडपट्ट्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांवर आले, आणि प्रतिपिंडे ओसरतात की काय, ओसरली तर संरक्षणही जाते का, असे नवे प्रश्न पुढे आले. रक्तातील प्रतिपिंडे घटली तरी स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, उरतात, हे उत्तर तेव्हाही दिले जात होते, पण स्मृतिपेशी मोजून देणारी प्रयोगशाळा नाक्यावर नसते. सामूहिक प्रतिकारशक्ती, म्हणजे पुरेसे लोक संरक्षित झाल्याने साथीची वाट आपोआप खुंटणे, ही संकल्पना दरम्यान चर्चेत रुळली होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेने तिच्यावरचा भाबडा भरवसा मोडला. मोजता न येणाऱ्या या शक्तीची उणीव काढ्यांनी आणि आर्सेनिकम अल्बम-३० या होमिओपॅथीच्या गोळ्यांनी भरण्याचा प्रयत्न घरोघर झाला, ज्यांच्या गुणकारितेचा भक्कम पुरावा कधीच पुढे आला नाही.

लस आली तेव्हा दाखला पुन्हा केंद्रस्थानी आला. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार आठवडे, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले, तर रोग होऊन गेलेल्यांनी तीन महिने थांबावे असे ठरले. उपनगरी गाड्या १५ जून २०२० पासून मुख्यतः अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी चालत होत्या, आणि मधल्या काळातील मर्यादित सवलती वगळता इतर भाईंदरकरांना रस्त्यावाचून गत्यंतर नव्हते. ८ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले की, दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने प्रवास करता येईल. ११ ऑगस्टपासून स्थानकांवर मदत कक्ष उघडले. कर्मचारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ताडून त्यावर शिक्का मारत, आणि मग खिडकीवर मासिक पास मिळे. रोग होऊन गेलेल्या पण लस न घेतलेल्या माणसाला या व्यवस्थेत जागा नव्हती. त्याच्या शरीरात संरक्षण नव्हते असे कोणाचे म्हणणे नव्हते. अडचण एवढीच होती की त्याच्यापाशी ते सिद्ध करणारा कागद नव्हता. गर्दीच्या गाडीसमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला दुसरे काय तपासता आले असते, हेही खरेच.

ही अट मुंबई उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने तत्कालीन मुख्य सचिवांचे आदेश विहित कार्यपद्धतीला धरून नसल्याचे निरीक्षण नोंदवले, शासनाने ते मागे घेतले आणि १ मार्चच्या नव्या आदेशात संपूर्ण लसीकरणाची अट पुन्हा घातली. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातील सर्व निर्बंध उठले. त्यानंतर भाईंदर स्थानकावरून तिकीट काढणाऱ्याला कोणताही दाखला दाखवावा लागला नाही.