ऋणकोची नोंदवही

इ. स. १८२४ च्या फेब्रुवारींत लंडन येथील आरमाराच्या वेतनखात्यांतील एका कारकुनास पाववाल्याचे ४० पौंड १० शिलिंग देतां आले नाहींत; त्याची रवानगी मार्शलसी तुरुंगांत झाली. जॉन डिकन्स हें त्याचें नांव. त्याच सुमारास त्याचा १२ वर्षांचा मुलगा चार्ल्स बुटांना लावावयाच्या काळ्या रंगाच्या कारखान्यांत बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवूं लागला. पुढें कादंबरीकार म्हणून जगास माहीत झालेला तो हाच. पिता दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयानें सुमारें तीन महिन्यांनीं सुटला.

कर्जफेड न झाल्यास ऋणकोचें शरीर धनकोच्या स्वाधीन करावें, अशी त्या काळची रीत होती. कोंडलेला मनुष्य पैसा मिळविणार कोठून, हा विचार कायद्याच्या मनास फारसा शिवला नव्हता. व्यापारी मात्र अधिक व्यवहारी होते. बुडव्यांचीं व भामट्यांचीं नांवें एकमेकांस कळविण्याकरितां त्यांनीं लंडनमध्यें १७७६ सालींच एक मंडळी स्थापन केली होती. परंतु असल्या माहितीस आधार सभासदांच्या शब्दाचा. शासनाचा शिक्का तिच्यावर नसे.

तो शिक्का पुढें मिळाला. १८४६ च्या कायद्यानें इंग्लंडांत काउंटी कोर्टें निघालीं. आरंभीं २० पौंडांपर्यंतचे व १८५० पासून ५० पौंडांपर्यंतचे दावे तेथें चालूं लागले. किरकोळ दुकानदारासहि न्यायालयाचें दार उघडलें, आणि १८५२ सालीं या कोर्टांच्या हुकूमनाम्यांची एक मध्यवर्ती नोंदवही सुरू झाली. येथेंच खरें वळण आहे. तोंपर्यंत हुकूमनामा हा वादी व प्रतिवादी या दोघांपुरता मामला होता. वहींत चढतांच तो तिऱ्हाइताच्या उपयोगी पडूं लागला. ऋणकोस ज्यानें उभ्या जन्मांत पाहिलें नाहीं, असा व्यापारी त्यावरून उधारीचा निर्णय करूं लागला. ‘स्टब्स गॅझेट’सारखीं पत्रें तर हीं नांवें छापून वर्गणीदारांस घरपोंच करीत. १८६९ च्या कायद्यानें ऋणाबद्दलची कैद बहुतांशीं बंद झाली; ऐपत असून न देणाऱ्यास तेवढी ती राहिली. तुरुंगाचें काम वहीकडे आलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९८५ पासून ही वही ‘रजिस्ट्री ट्रस्ट’ नांवाची, नफा न घेणारी संस्था सांभाळते. पतचौकशी करणाऱ्या कंपन्या तिच्यांतील नोंदी प्रत्येकाच्या पतपत्रकांत उतरवून घेतात, आणि घरासाठीं कर्ज देणारी पेढी तें पत्रक आधीं पाहते. हुकूमनाम्यापासून एक महिन्याच्या आंत सर्व रक्कम भरल्यास नोंद काढून टाकतां येते. त्यानंतर भरल्यास मात्र ‘फेड झाली’ एवढा शेरा पडतो, आणि नोंद सहा वर्षें तशीच राहते. रक्कम शंभर पौंड असो वा दहा हजार, मुदत तीच. प्रामाणिकपणें पण उशिरा देणाऱ्यावर हा नियम कठोरच म्हटला पाहिजे.

त्यांतून बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होतात. कागद शेवटच्या ज्ञात पत्त्यावर जातात. मनुष्य बिऱ्हाड बदलून गेलेला असला तर उत्तराचे चौदा दिवस त्याच्या नकळत उलटतात. पुढें केव्हांतरी पेढी कर्ज नाकारते, तेव्हां त्यास आपल्यावर हुकूमनामा झाल्याचें समजतें. तो रद्द करून घेण्याची सोय आहे, आणि रद्द होतांच नोंदहि जाते. पण त्यासाठीं अर्ज करणें, कारण दाखविणें आणि बहुधा कोर्टाची फीहि भरणें, हें सर्व त्यासच करावें लागतें.